वाचक विचारतात : प्रोजेक्ट मॅनेजमेंटची परदेशी पदवी घेतली, पुढे नोकरीचं काय?

सप्टेंबरच्या प्रवेशाची ऑफर लेटर्स येऊ लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. कोणतं विद्यापीठ बरं, हे विचारणं थांबतं आणि पैसे भरू की नको, हे सुरू होतं. यंदा निम्म्याहून जास्त पत्रं प्रोजेक्ट मॅनेजमेंटबद्दल आहेत. बांधकाम नियोजन, आयटी भरती आणि शैक्षणिक कर्ज या तीन क्षेत्रांत काम करणाऱ्या आमच्या सल्लागारांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत. व्हिसाचे आकडे २०२६च्या सुरुवातीचे आहेत. अर्ज भरायच्या दिवशी त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर ते पुन्हा पाहून घ्या, कारण गेल्या दोन वर्षांत हे नियम वारंवार बदलले आहेत.

प्रश्न : मी बीई सिव्हिल आहे. चार वर्षांचा अनुभव, त्यातली दोन वर्षं मेट्रोच्या कामावर प्लॅनिंगमध्ये. प्रायमाव्हेरा (वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर) चांगलं येतं. सप्टेंबर २०२६ला इंग्लंडमध्ये एक वर्षाचं एमएससी प्रोजेक्ट मॅनेजमेंट सुरू करतोय. तिथे प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून नोकरी मिळेल का? (ठाणे)

नोकरी मिळू शकते, पण ती बहुधा प्रोजेक्ट मॅनेजर या पदाची नसेल. इंग्लंडमध्ये हे पद कामावर वाढत गेलेल्या माणसाला मिळतं, नुसत्या पदवीवर नाही. तुम्ही शोधायची ती असिस्टंट प्लॅनर, प्लॅनर, प्रोजेक्ट कंट्रोल्स (वेळ आणि खर्चावर लक्ष ठेवणारं काम), असिस्टंट प्रोजेक्ट मॅनेजर, असिस्टंट क्वांटिटी सर्व्हेअर ही पदं. जॉब पोर्टलवर फक्त ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ टाइप करत बसलात तर आठ-दहा वर्षं मागणाऱ्या जाहिराती दिसतील आणि उगाच धीर सुटेल.

आता तारखांचं गणित. तुमचा प्रबंध सप्टेंबर २०२७मध्ये जमा होईल, निकाल साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात. कोर्स पूर्ण झाल्याचं विद्यापीठाने गृहखात्याला कळवल्यावरच ग्रॅज्युएट रूटचा, म्हणजे शिक्षणानंतर तिथे राहून काम करू देणाऱ्या व्हिसाचा, अर्ज करता येतो, तोही ब्रिटनमध्ये असतानाच आणि स्टुडंट व्हिसा संपायच्या आत. १ जानेवारी २०२७पासून केलेल्या अर्जांना पूर्वीची दोन वर्षं मिळत नाहीत, १८ महिने मिळतात. एजंटांच्या माहितीपत्रकात अजून दोन वर्षंच छापलेली असतात. तुमचा अर्ज त्या तारखेनंतरचा, म्हणजे तुम्ही १८ महिनेच धरून चाला. आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड या दराने सुमारे १,५५० पौंड एकदम भरावा लागेल. अर्जाची फी त्याहून वेगळी.

या १८ महिन्यांत कोणतीही नोकरी करता येते, स्पॉन्सर (व्हिसासाठी तुमची जबाबदारी घेणारी कंपनी) लागत नाही. खरी परीक्षा त्यानंतर, स्किल्ड वर्कर व्हिसाची. त्यासाठी पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे. शिक्षण संपवून येणाऱ्यांना ‘न्यू एंट्रंट’ म्हणून सवलत मिळते : ३३,४०० पौंड, किंवा त्या पदाच्या ठरलेल्या दराच्या ७० टक्के, यातलं जे जास्त असेल ते. ही सवलत एकूण चार वर्षांचीच, आणि ग्रॅज्युएट रूटवर काढलेला काळ त्यातच मोजला जातो. म्हणजे १८ महिने वापरल्यावर सवलतीच्या पगारावर अडीच वर्षं उरतात. त्यानंतर कंपनीला पूर्ण दराने पगार द्यावा लागतो. कंपनीचा एचआर विभाग हे गणित तुमच्या आधी करून बसलेला असतो. शिवाय मोठ्या कंपनीला तुमच्यासाठी दरवर्षी १,३२० पौंड स्किल्स चार्ज भरावा लागतो, छोट्या कंपनीला ४८०. मुलाखत उत्तम होऊनही ‘सॉरी’चा ईमेल येतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

दुसरी अडचण व्यवसायाच्या कोडची, म्हणजे व्हिसासाठी प्रत्येक कामाला दिलेल्या सरकारी क्रमांकाची. बांधकाम प्रकल्प व्यवस्थापकांचा कोड २४५५, आयटीचा २१३१, व्यवसाय आणि वित्त प्रकल्पांचा २४४०. हे तिन्ही पदवी-दर्जाचे आहेत. पण ‘प्रोजेक्ट सपोर्ट ऑफिसर’चा कोड ३५४३ त्याखालच्या दर्जाचा गणला जातो, आणि जुलै २०२५पासून स्किल्ड वर्करसाठी पदवी-दर्जाच्या खालची दारं बरीच बंद झाली आहेत. कोड पदाच्या नावावरून ठरत नाही, रोजच्या कामावरून ठरतो. म्हणून ग्रॅज्युएट रूटवर मिळालेल्या पहिल्या नोकरीत मीटिंगची टिपणं काढणं आणि ट्रॅकर भरणं एवढंच वाट्याला आलं, तर सहा महिन्यांच्या आत वेळापत्रकाची किंवा खर्चाची जबाबदारी मागून घ्या, आणि तसं पत्रात लिहून घ्या.

मोठ्या कंत्राटदारांच्या आणि सल्लागार कंपन्यांच्या ग्रॅज्युएट योजना शरद ऋतूत उघडतात, पुढच्या सप्टेंबरच्या भरतीसाठी. म्हणजे तुम्ही तिथे उतरल्यावर पहिल्या आठ-दहा आठवड्यांत, धड थंडीचे कपडे घ्यायच्या आधीच, अर्ज जायला हवेत. ‘कोर्स झाल्यावर बघू’ म्हणणाऱ्याचं अख्खं वर्ष जातं. अर्जात ‘आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का’ असा प्रश्न असतो, त्याला खरं उत्तर द्या. खोटं उत्तर ऑफर मिळाल्यावर उघडं पडतंच. ज्यांच्याकडे स्पॉन्सर परवाना आहे अशा कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकार खुली ठेवतं. ती उतरवून घ्या आणि अर्ज त्या यादीतूनच करा.

मुंबईचा अनुभव तिथे चालतो, पण तो तिथल्या भाषेत मांडावा लागतो. मेट्रो ३ आणि अटल सेतू ही जपानच्या जायका या सरकारी मदतसंस्थेच्या कर्जावरची कामं, आणि जायकाच्या कामांचे करार फिडिक या आंतरराष्ट्रीय नमुन्यावर असतात. ब्रिटनमधल्या सार्वजनिक कामांवर एनईसी४ हा तिथला करारनमुना जास्त चालतो. फिडिकमध्ये दाव्याची नोटीस २८ दिवसांत द्यायची असते. एनईसीत कंत्राटदाराला ‘कॉम्पेन्सेशन इव्हेंट’ (जादा वेळ किंवा पैसे मागता येतील अशी घटना) कळल्यापासून आठ आठवड्यांत कळवावा लागतो, त्याआधी ‘अर्ली वॉर्निंग’ हा वेगळा प्रकार असतो. एवढा फरक मुलाखतीत नीट सांगता आला तरी समोरच्याचा सूर बदलतो.

सीव्हीतलं एक वाक्य उदाहरणादाखल पाहू. बहुतेक जण लिहितात, ‘साइटवरील कामाच्या नियोजनाची जबाबदारी सांभाळली.’ यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी : ‘स्थानकाच्या २,२०० ॲक्टिव्हिटींचं बेसलाइन वेळापत्रक प्रायमाव्हेरात सांभाळलं, दर आठवड्याला अपडेट केलं. युटिलिटी हलवण्यात गेलेला वेळ हिंडरन्स रजिस्टरवरून मोजून मुदतवाढीच्या दाव्याचं वेळापत्रक तयार केलं.’ हिंडरन्स रजिस्टर, म्हणजे कामातल्या अडथळ्यांची नोंदवही, हे आपल्याकडे साइट ऑफिसातलं कंटाळवाणं काम समजतात, ज्युनिअरच्या गळ्यात घालतात. तिकडे याच कामाला डिले ॲनालिसिस म्हणतात आणि त्यावर माणसं पोट भरतात. तुमच्याकडे तो अनुभव असेल तर सीव्हीत अगदी वर आणा. आकडे मात्र तुमचेच लिहा. प्लॅनरला पहिल्या पाच मिनिटांत विचारतात की क्रिटिकल पाथ (ज्या कामांच्या उशिराने सगळा प्रकल्प लांबतो ती साखळी) कुठून जात होता, आणि उसने आकडे तिथेच उघडे पडतात.

तिथल्या बहुतेक साइटवर पाऊल ठेवायला सीएससीएस कार्ड लागतं, त्यासाठी आरोग्य आणि सुरक्षेची परीक्षा द्यावी लागते. विद्यार्थी असतानाच देऊन टाका.

प्रश्न : यंदा बीएमएस झाले. नोकरीचा अनुभव नाही, पण कॉलेज फेस्टचं आयोजन केलंय. लगेच परदेशात मास्टर्स करावं असं घरच्यांचं मत आहे. (बोरिवली)

आमचं मत वेगळं आहे : आत्ता जाऊ नका. बांधकाम, आयटी, औषधनिर्माण, बँका यांतल्या एकाही कामाची ओळख नसताना केवळ व्यवस्थापन शिकून आलेला माणूस म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा. तिकडच्या कंपन्या त्याला दारातच थांबवतात, आणि तीच पदवी तीन वर्षांच्या अनुभवानंतर घेतलेल्याला आत घेतात. वर्गात शेजारी बसणारा चाळीतला सिव्हिलवाला किंवा ऐरोलीचा टेस्टर तुमच्यापुढे निघून जाईल, आणि कर्ज दोघांवर सारखंच असेल.

दोन-अडीच वर्षं मुंबईत काढा. बँकांच्या बॅक ऑफिसांत, औषध कंपन्यांच्या क्लिनिकल ट्रायल विभागांत, इंटिरिअर फिट-आउट करणाऱ्या फर्ममध्ये ‘पीएमओ (प्रकल्प कार्यालय) ॲनालिस्ट’ किंवा ‘प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर’ म्हणून नवख्यांना घेतात. फिट-आउट आम्हाला विशेष आवडतं. बीकेसीतलं एखादं ऑफिस काही महिन्यांत उभं राहतं, म्हणजे वर्षभरात दोन-तीन प्रकल्प सुरुवातीपासून हँडओव्हरपर्यंत पाहायला मिळतात. मेट्रोवर तेवढं पाहायला दहा वर्षं लागतील. या काळात पीएमआय, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेची, कॅपम परीक्षा देता येते. तिला अनुभव लागत नाही, २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं.

प्रश्न : एजंट म्हणतो, कॅनडात ओंटारिओच्या कॉलेजात एक-एक वर्षाची दोन पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेट करा, दुसरं प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं. मग तीन वर्षांचं वर्क परमिट आणि पुढे पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना). फी कमी आहे. घाई करायला सांगतोय. (डोंबिवली)

हा रस्ता तीन-चार वर्षांपूर्वी होता. १ नोव्हेंबर २०२४पासून कॉलेजच्या सर्टिफिकेट-डिप्लोमावर पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट हवं असेल तर विषय ठरावीक यादीत असावा लागतो. ती यादी शेती, आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, कुशल कारागिरी, वाहतूक अशा क्षेत्रांची आहे, आणि पुढे तीत शिक्षण क्षेत्राची भर पडली. निव्वळ व्यवस्थापनाचे बहुतेक कोर्स तीत बसत नाहीत. एजंटाला कोर्सचा सहा अंकी सीआयपी कोड (अभ्यासविषयाचा ठरलेला क्रमांक) लेखी मागा आणि कॅनडा सरकारच्या यादीत स्वतः शोधा. तो कोड द्यायला टाळाटाळ करत असेल तर तेच तुमचं उत्तर. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या खासगी भागीदार कॉलेजांत १५ मे २०२४नंतर प्रवेश घेणाऱ्यांना तर वर्क परमिट मिळतच नाही. कागदावर नाव सरकारी कॉलेजचं असतं, वर्ग दुसरीकडे भरतो. म्हणून कॅम्पसचा पत्ता तपासा.

विद्यापीठाच्या मास्टर्सला विषयाची ही अट नाही. निदान आठ महिन्यांचं मास्टर्स असेल तर तीन वर्षांचं परमिट मिळू शकतं. पण भाषेचा पुरावा त्यालाही लागतो, कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवर सीएलबी ७, म्हणजे आयईएलटीएसच्या चारही भागांत ६. इथे बरेच जण फसतात. प्रवेशासाठी दिलेली आयईएलटीएस ॲकॅडमिक त्यासाठी चालत नाही. जनरल ट्रेनिंग, सेल्पिप किंवा पीटीई कोअर द्यावी लागते, आणि निकाल दोन वर्षांच्या आतला हवा. परीक्षेची तारीख शेवटच्या सत्रातच घेऊन ठेवा, कारण कोर्स पूर्ण झाल्याचं पत्र आल्यापासून अर्जाला १८० दिवस असतात. हे परमिट आयुष्यात एकदाच मिळतं. स्वस्तातल्या कोर्सवर ते खर्च झालं की मागाहून चांगलं मास्टर्स करूनही उपयोग नाही.

पीआरबद्दल : त्यासाठीच्या एक्सप्रेस एंट्री या गुणांच्या पद्धतीत जॉब ऑफरला मिळणारे जादा गुण २५ मार्च २०२५पासून बंद झाले. ‘कंपनीचं पत्र मिळवून देतो, गुण वाढतील’ असं आजही कोणी सांगत असेल तर तो जुना माल विकतोय. आणि कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला पैसे घेऊन द्यायचा परवाना वेगळा असतो. प्रवेश एजंटाकडे तो असेलच असं नाही. त्याचं कमिशन बहुधा कॉलेजकडून येतं, तुमच्या नोकरीतून नव्हे.

प्रश्न : मुलीला इंग्लंडला पाठवायचंय, ३० लाखांचं कर्ज घ्यावं लागेल. नोकरी लागली नाही तर? मी स्वतः चार वर्षांत निवृत्त होतोय. (गिरगावातील एक वडील)

आकड्यांपासून सुरुवात करू. ३० लाख, व्याज साडेदहा टक्के धरलं, तर वर्षाला ३ लाख १५ हजार व्याज चढतं. कोर्सचं एक वर्ष आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच. पैसे टप्प्याटप्प्याने उचलले तर थोडं कमी होईल, तरी दोन वर्षांनी कर्ज ३६ लाखांच्या घरात गेलेलं असेल. दहा वर्षांच्या मुदतीने हप्ता महिना सुमारे ४९,००० रुपये बसतो. हेच व्याज तुम्ही दर महिन्याला भरत राहिलात तर हप्ता ४०,५००वर येतो. शक्य असेल तर व्याज भरत राहाच.

३३,४०० पौंडांच्या पगारावर कर आणि नॅशनल इन्शुरन्स कापून, पेन्शनच्या आधी, हातात महिन्याला सुमारे २,३०० पौंड येतात. हप्ता साधारण ४०० पौंडांचा. लंडनबाहेर राहिली तर जमतं. लंडनमध्ये भाड्यानंतर ओढाताण होईल. पण परत यावं लागलं तर ४९,००० रुपयांचा हप्ता मुंबईतल्या पगारातून द्यायचा आहे, आणि त्यातली बहुतेक वर्षं तुम्ही निवृत्त असाल. म्हणून आमचा निकष साधा आहे : ती परत आली तर तिला मुंबईत मिळू शकणाऱ्या पगारातून हप्ता निघतो का? निघत असेल तर पाठवा. निघत नसेल तर कर्जाची रक्कम कमी करा किंवा आणखी एक वर्ष थांबा. राहतं घर तारण ठेवण्याआधी हे गणित घरात सगळ्यांसमोर मांडा, मुलीसमोर तर नक्कीच.

व्हिसासाठी राहण्याचा खर्च दाखवावा लागतो : लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड, बाहेर १,१७१, नऊ महिन्यांचा, शिवाय न भरलेली फी. बचत दाखवणार असाल तर रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी. एका दिवशी जरी ती कमी झाली तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. नेहमी घडतं ते असं, की पंचविसाव्या दिवशी कोणीतरी त्याच खात्यातून सोसायटीचा मेंटेनन्स किंवा विमा भरून टाकतं. थोडी जास्त रक्कम ठेवा आणि त्या खात्याचे ऑटो डेबिट बंद करा. पैसे तुमच्या खात्यात असतील तर मुलीचा जन्मदाखला आणि तुमचं संमतिपत्र जोडा.

बँकेच्या शैक्षणिक कर्जातून फी पाठवली तर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक कापून घेते तो कर) लागत नाही. स्वतःच्या पैशांतून वर्षात १० लाखांच्या वर पाठवले तर वरच्या रकमेवर तो कापला जातो, रिटर्नमध्ये परत मागता येतो. कर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकरातली वजावट आठ वर्षं मिळते, पण जुन्या करप्रणालीतच.

प्रश्न : वय ३४. पीडब्ल्यूडीच्या कंत्राटदाराकडे नऊ वर्षं. ऑस्ट्रेलियात दोन वर्षांचं मास्टर्स करून तिथेच राहायचा विचार आहे. (वसई)

थांबा. शिक्षणानंतरच्या ४८५ व्हिसाच्या अर्जाच्या वेळी वय ३५पेक्षा जास्त चालत नाही. दोन वर्षांनी तुम्ही ३६चे असाल. भारतीयांना मास्टर्सवर तीन वर्षांपर्यंत हा व्हिसा मिळतो, हे खरं, पण तुम्हाला नाही. (तरुण वाचकांसाठी : कोर्स क्रिकोस या तिथल्या सरकारी कोर्स-यादीत ९२ आठवड्यांचा नोंदलेला हवा. दीड वर्षाचं मास्टर्स स्वस्त दिसतं आणि नेमकं इथे अडतं.)

तुमच्यासाठी शिक्षणाचा खर्च न करता थेट कौशल्य-स्थलांतराचा मार्ग पाहणं शहाणपणाचं. कन्स्ट्रक्शन प्रोजेक्ट मॅनेजर, कोड १३३१११, याचं मूल्यमापन व्हेटॅसेस ही संस्था करते. पदवी आणि त्या दर्जाचा अलीकडचा अनुभव पाहते. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, कामाचं तपशीलवार पत्र आणि कंपनीचा ऑर्गनायझेशन चार्ट लागतो. छोट्या कंत्राटदाराकडे रोखीत पगार घेतलेल्यांचं घोडं इथेच अडतं. तुमच्या बँक पासबुकात पगार दिसत नसेल तर आजपासून तो खात्यावर घ्या. दुबई आणि रियाधकडेही बघा. तिथे पदवीच्या फीशिवाय अनुभवावर घेतात. मात्र नोकरी गेली की निवासही जातो.

प्रश्न : ऐरोलीत आयटीत सहा वर्षं, सध्या स्क्रम मास्टर. जर्मनी की आयर्लंड? (घणसोली)

आधी स्वतःच्या कंपनीत विचारा. युरोपातल्या क्लायंटकडे बदली मिळाली तर पदवीचे पैसे वाचतात आणि पहिल्या दिवसापासून पगार सुरू होतो. सहा वर्षांच्या माणसाने हे न विचारता कर्ज काढणं आम्हाला पटत नाही.

शिकायचंच असेल तर आयर्लंड. लेव्हल ९चं मास्टर्स केल्यावर स्टँप १जी या पदवीनंतरच्या परवान्यावर बारा-बारा महिने करून दोन वर्षं मिळतात, आणि आयटी प्रकल्प व्यवस्थापक तिथल्या क्रिटिकल स्किल्स यादीत आहे. त्या यादीतल्या पदासाठी स्थानिक उमेदवार शोधल्याचं सिद्ध करायची कंपनीला गरज नसते. जर्मनीत फी कमी, पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने, आणि नव्या पदवीधरांसाठी ब्लू कार्डची (उच्चशिक्षितांच्या काम-परवान्याची) २०२६ची पगारमर्यादा सुमारे ४५,९०० युरो. सगळं छान, पण प्रकल्प व्यवस्थापन म्हणजे दिवसभर बोलणं. कोडिंग करणाऱ्याचं इंग्रजीवर भागतं. वेंडरला फोनवर झापायचं आणि क्लायंटची समजूत काढायची तर जर्मन निदान बी२ हवं. ते तुमच्याकडे नसेल तर निघण्याआधी वर्षभर क्लास लावा. एपीएस प्रमाणपत्र (आपल्या कागदपत्रांची पडताळणी) आणि राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवायचे ११,९०४ युरो हे त्याशिवायचे.

प्रश्न : अमेरिकेचं काय? (अंधेरी)

विद्यापीठाकडून येणाऱ्या आय-२० या कागदावरचा सीआयपी कोड पाहा. कोड स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित) यादीत असेल तर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची मुभा, १२ महिने अधिक २४ महिने, नसेल तर फक्त १२. प्रोजेक्ट मॅनेजमेंट नावाची पदवी एका विद्यापीठात स्टेममध्ये बसते, दुसऱ्यात बसत नाही, त्यामुळे पदवीच्या नावावर जाऊ नका. पहिल्या १२ महिन्यांच्या ओपीटीत एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. एच-१बीच्या जागा वर्षाला ८५,०००, आणि सप्टेंबर २०२५च्या घोषणेनंतर देशाबाहेरच्या माणसासाठी नवा अर्ज करणाऱ्या कंपनीला एक लाख डॉलर मोजावे लागतात. म्हणून ‘आधी मुंबईत परत येतो, मग कंपनी बोलावेल’ हा बेत आता धरू नका.

प्रश्न : जाण्याआधी पीएमपी करावं की आल्यावर? (मुलुंड)

पीएमपी हे पीएमआयचं अनुभवी लोकांसाठीचं प्रमाणपत्र. पात्रता असेल तर जाण्याआधी. चार वर्षांची पदवी असल्यास प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. पीएमआयच्या जीएसी मान्यतेची पदवी असेल तर २४ महिने पुरतात. तीन वर्षांचं बीकॉम किंवा बीएससी झालेल्यांनी आपली पदवी कोणत्या गटात धरली जाते ते पीएमआयला आधी ईमेलने विचारावं.

पदाचं नाव मॅनेजर असायला हवं असं नाही, काम त्या प्रकारचं हवं. एकाच वेळी दोन प्रकल्पांवर असाल तर ते महिने एकदाच मोजले जातात. इथे बेरीज चुकते आणि अर्ज मागे येतो. काही अर्ज ऑडिटसाठी निवडले जातात. तेव्हा प्रत्येक प्रकल्पाच्या साहेबाकडून अनुभवाची पुष्टी ९० दिवसांत मिळवावी लागते. नोकरी सोडून वर्ष झाल्यावर, तुम्ही मँचेस्टरला आणि साहेब दुसऱ्या कंपनीत, ही पुष्टी मिळवणं जिकिरीचं होतं. म्हणून राजीनामा देण्याआधी त्यांचा खासगी ईमेल घ्या आणि प्रकल्पाचं नाव, कालावधी, बजेट आणि तुमचं काम लिहिलेलं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी घेऊन ठेवा. हेच पत्र पुढे व्हेटॅसेसलाही लागतं. मुंबई विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टचे तीन-चार सीलबंद संचही निघण्याआधीच काढून ठेवा. तिकडून कोणाला तरी कलिनाला खेपा घालायला लावणं हा मैत्री तोडायचा खात्रीचा मार्ग आहे.

ब्रिटनमध्ये सरकारी कामांसाठी प्रिन्स२ आणि एपीएमच्या परीक्षांना पीएमपीइतकंच, कधी जास्त वजन असतं. जर्मनीत आयप्माचं नाव चालतं. सगळ्या करायची गरज नाही.

प्रश्न : लंडनहून मास्टर्स करून परत आलो, तिथे स्पॉन्सर मिळाला नाही. आता मुंबईत त्या पदवीला किंमत आहे का? (परळ)

आहे, पण ती कुठे दाखवायची ते ठरवा. स्थानिक बिल्डरला तुमच्या प्रबंधाशी देणंघेणं नाही. तो विचारणार, आरए बिल (चालू कामाचं टप्प्याचं बिल) किती दिवसांत पास करून घेता आणि लेबर किती खेचता. पदवीची कदर आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपन्यांच्या मुंबई कार्यालयांत होते, कारण त्यांची अहवालाची पद्धत तुम्ही शिकून आला आहात. लंडनच्या प्रकल्पांचं वेळापत्रक आणि खर्चाचं काम इथे बसून करणारे गटही त्यांच्याकडे असतात. तिथे एनईसीची ओळख असलेला माणूस लगेच कामाला येतो, त्यामुळे ‘युके प्रोजेक्ट कंट्रोल्स’ हे शब्द घालून शोधा.

दुसरी बाजू पुनर्विकासाची. ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयानुसार सहकार कायद्याच्या ७९-अ खाली पुनर्विकास करणाऱ्या सोसायट्यांना वास्तुविशारद किंवा पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार) नेमावा लागतो. परळ-दादर-माटुंग्यापासून मुलुंडपर्यंत अशा फर्मना व्यवहार्यता अहवाल, टेंडर आणि कामाची देखरेख करणारी माणसं लागतात. पगार सुरुवातीला बेताचा असतो, सभासदांच्या सभा रविवारी सकाळी असतात आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना कार्पेट एरिया पाचव्यांदा समजावावा लागतो. पण दोन वर्षांत टेंडरपासून ओसीपर्यंतचं (भोगवटा प्रमाणपत्रापर्यंतचं) सगळं हाताखालून जातं. सीव्हीत परत येण्याचं कारण लपवू नका. ‘व्हिसाची मुदत संपली’ हे एक वाक्य पुरतं, मुंबईतल्या एचआरला ते आता पाठ आहे.